जर्मनीतली गाडी नेदरलँड्सच्या नंबरवर कशी आणायची

म्युनिक, स्टुटगार्ट किंवा आखनमध्ये काही वर्षं नोकरी झाली, तिथे एखादी सेकंडहँड गोल्फ नाहीतर ऑक्टाविया घेतली, आणि मग आइंडहोवन किंवा ॲम्स्टेलव्हेनमधल्या नोकरीचं पत्र आलं. असं होणारी मराठी घरं आता बरीच आहेत. घरसामान ट्रकमध्ये जातं, मुलांच्या शाळेची चौकशी होते आणि गाडीबद्दल सगळे म्हणतात, ‘युरोपच आहे, चालवत घेऊन जाऊ.’ चालवत नेता येते हे खरं. व्हेन्लोजवळ सीमा कधी ओलांडली ते निळ्या पाटीशिवाय कळतही नाही. पण रस्त्याला सीमा नसली तरी वाहनकराला ती आहे आणि ती चांगली उंच आहे.

या सगळ्या कामात पैसे वाचतात किंवा जातात ते मुख्यतः जर्मनी सोडण्याआधीच्या महिन्यात. नेदरलँड्समधल्या पायऱ्या सरळ आहेत, वेळ लागला तरी पार पडतात. तिथे मागितलेला कागद जर्मनीतच राहिला असेल, तर मात्र तो लांबून मिळवताना जीव मेटाकुटीला येतो. म्हणून या लेखात जर्मनीतल्या तयारीला जास्त जागा दिली आहे.

गाडी आणायची की तिथेच विकायची

नेदरलँड्समध्ये गाडीची पहिल्यांदा नोंदणी होते तेव्हा बीपीएम नावाचा एकरकमी कर लागतो. तो मुख्यतः गाडीच्या कार्बन डायऑक्साइडच्या आकड्यावर ठरतो. जर्मनीत असा कर नाही, म्हणून तीच गाडी तिथे स्वस्त दिसते. बाहेरून आणलेल्या जुन्या गाडीलाही बीपीएम लागतो, फक्त वयाप्रमाणे कमी होऊन. मोठी एसयूव्ही किंवा डिझेल गाडी असेल तर ही रक्कम काही हजार युरोंच्या घरात सहज जाते.

मुक्काम बदलून येणाऱ्याला मात्र हा कर पूर्ण माफ होऊ शकतो. अटी थोडक्यात अशा: येण्याआधी सलग किमान बारा महिने तुम्ही नेदरलँड्सच्या बाहेर राहिलेले असावेत. गाडी तुमच्या मालकीची आणि येण्याआधी किमान सहा महिने तुमच्या वापरातली असावी. राहायला आल्यापासून बारा महिन्यांच्या आत ती आणावी. आणि सूट मिळाल्यावर पुढचे बारा महिने ती विकू नये, भाड्याने देऊ नये, दुसऱ्याच्या हवाली करू नये.

सहा महिन्यांची अट दिवस मोजून पाहिली जाते. समजा १ मार्चला स्टुटगार्टमध्ये गाडी घेतली आणि १ ऑगस्टला तुम्ही आइंडहोवनकर झालात, तर ते पाच महिनेच झाले. नोकरीची तारीख महिनाभर पुढे ढकलता येत असेल तर आधी हा हिशोब करा, मग नव्या कंपनीशी बोला. तारीख हलत नसेल आणि गाडी जास्त उत्सर्जनाची असेल, तर ती जर्मनीतच विकून टाका, असं मी स्पष्ट सांगेन. गाडीवर जीव जडतो हे खरं, पण त्या जीवापायी गाडीच्या निम्म्या किमतीएवढा कर भरण्यात अर्थ नाही.

सूट मिळणार असली तरी वर्षानुवर्षांचा खर्चही पाहा. जर्मनीतला वार्षिक वाहनकर इंजिनाच्या आकारावर आणि उत्सर्जनावर ठरतो. नेदरलँड्समध्ये तो वजनावर, इंधनावर आणि तुम्ही कोणत्या प्रांतात राहता यावर ठरतो. जर्मनीत वर्षाला जेवढा भरत होता, तेवढा इथे तीन महिन्यांत जाणं नवलाचं नाही, आणि डिझेलला तर त्याहूनही जास्त. बेलास्टिंगडीन्स्ट म्हणजे इथल्या करखात्याच्या संकेतस्थळावर वजन, इंधन आणि प्रांत घातला की आकडा समोर येतो. ट्रक बुक करण्याआधी ती पाच मिनिटं काढाच. जुनी डिझेल असेल तर तुमच्या नव्या शहरातल्या पर्यावरण क्षेत्राचे नियमही पाहून घ्या, कारण ॲम्स्टरडॅमसह काही शहरांच्या आतल्या भागात जुन्या डिझेल गाड्यांना बंदी आहे.

जर्मनी सोडण्याआधी

पहिलं काम म्हणजे गाडीचे दोन्ही मूळ कागद हातात आहेत का ते पाहणं. जर्मनीत नोंदणीपत्राचे दोन भाग असतात. पहिला भाग, ज्याला सगळे जुन्या सवयीने फारत्सॉइगशाइन म्हणतात, तो पाकिटात घेऊन फिरायचा. दुसरा भाग, फारत्सॉइगब्रीफ, घरी जपून ठेवायचा. नेदरलँड्सला दोन्ही मूळ लागतात, झेरॉक्स चालत नाही.

गाडी कर्जावर असेल तर अडचण इथेच येते, कारण दुसरा भाग बहुधा बँकेच्या ताब्यात असतो. कर्ज फिटेपर्यंत बँक तो सोडत नाही. मुदतीआधी कर्ज फेडायचं तर अर्ज, पैसे पोचल्याची खात्री आणि मग टपालाने ब्रीफ, या सगळ्याला आठवडे लागतात. नोकरीचं पत्र हातात पडल्याच्या आठवड्यातच बँकेला लिहा. लीजवरच्या गाडीचं गणितच वेगळं. ती तुमच्या मालकीची नसते, त्यामुळे लीज कंपनीला विचारल्याशिवाय एक पाऊलही पुढे टाकू नका.

दुसरं काम मालकीच्या पुराव्याचं. अनेकांना वाटतं की ब्रीफवर नाव आहे म्हणजे गाडी आपली. पण जर्मन नोंदणीपत्रावरच सी.४सी या रकान्यात छापलेलं असतं की हा कागद ज्याच्याकडे आहे तो मालक आहे असं यावरून ठरत नाही. म्हणून विक्री करार, म्हणजे काउफफरट्राग, आणि पैसे दिल्याचं बँक स्टेटमेंट शोधून काढा. करार, नोंदणी आणि विमा या तिन्हींवर एकाच माणसाचं नाव असलेलं उत्तम. गाडी बायकोच्या नावावर आणि नोकरीसाठी आधी नवरा निघाला, असं असेल तर सूट कोणाच्या नावाने मागायची आणि त्या व्यक्तीच्या राहण्याच्या तारखा अटींत बसतात का, हे आधी बघा. अर्ज ज्याचा, कागद त्याचेच हवेत.

तिसरं, तुम्ही जर्मनीत खरोखर राहत होतात याचा पुरावा. महापालिकेचं राहत्या पत्त्याचं प्रमाणपत्र, घर सोडताना मिळणारी आबमेल्डुंगची (म्हणजे तिथली नोंदणी रद्द केल्याची) पावती, भाडेकरार, पगाराच्या स्लिपा, वीजबिलं. आबमेल्डुंगची पावती तर दोन प्रतींत जपा. करखात्याला ‘तुम्ही नक्की कधी निघालात’ या प्रश्नाचं उत्तर याच कागदावरून मिळतं. गाडी वापरात होती हे दाखवायला विम्याची पत्रं, सर्व्हिसिंगची बिलं आणि टायर बदलल्याच्या पावत्या कामी येतात. सगळं स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवा, पण मूळ कागद फेकू नका.

चौथा कागद सीओसी, म्हणजे गाडी युरोपीय मानकांप्रमाणे बनवली आहे असं सांगणारं उत्पादकाचं प्रमाणपत्र. नवी गाडी घेताना ते मिळतं आणि सेकंडहँड व्यवहारात हमखास हरवतं. याच्याशिवायही नोंदणी होऊ शकते, कारण बरीच माहिती नोंदणीपत्रावर असते. युरोपीय संघातल्या नोंदणीपत्रांचे रकाने एकसारखे ठरवलेले आहेत: बी म्हणजे पहिल्या नोंदणीची तारीख, ई म्हणजे चेसिस नंबर, व्ही.७ म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा आकडा. तरी सीओसी असेल तर उत्सर्जनाच्या आकड्यावरून वाद होत नाही आणि काम पुढे सरकतं. हरवलं असेल तर उत्पादकाकडून दुसरी प्रत पैसे भरून मागवता येते. बीपीएम भरावा लागणार असेल तर हा खर्च जरूर करा. सूट मिळणार असेल आणि व्ही.७ रकाना भरलेला असेल, तर घाईने मागवायची गरज नाही.

पाचवं, ट्यूफ. जर्मनीतली मुदतीतली तांत्रिक तपासणी नेदरलँड्समध्ये ग्राह्य धरली जाते आणि तिची मुदत इथल्या नोंदीत येते. म्हणून शेवटच्या तपासणीचा अहवाल सोबत ठेवा. मुदत महिन्या-दोन महिन्यांत संपणार असेल तर ओळखीच्या जर्मन गॅरेजमध्येच ती करून घ्या. नव्या गावात, नव्या भाषेत, पहिल्याच महिन्यात गॅरेज शोधत फिरण्यापेक्षा हे बरं.

आता सहावं, जे बहुतेक लोक विसरतात आणि मग वर्षानुवर्षं जास्त हप्ता भरत राहतात. जर्मनीत तुम्ही जितकी वर्षं विनाअपघात गाडी चालवली, तितकी तुमची विमा श्रेणी सुधारलेली असते. डच विमा कंपन्याही दावा न केलेली वर्षं मोजतात, पण जर्मनीतली नोंद त्यांना आपोआप दिसत नाही. जर्मन विमा कंपनीकडून या वर्षांचं लेखी पत्र मागून घ्या, शक्यतो इंग्रजीत. सगळ्याच डच कंपन्या ते मानतात असं नाही, त्यामुळे दोन-तीन ठिकाणी विचारा. पत्र नसेल तर मात्र विचारण्यासारखं काही उरत नाही.

आणि एक गोष्ट करू नका: निघण्याआधी गाडीची जर्मन नोंदणी रद्द करू नका. घराची आबमेल्डुंग आणि गाडीची आबमेल्डुंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाडीची नोंदणी रद्द केली की प्लेटवरची मोहर जाते आणि गाडी रस्त्यावर आणता येत नाही. मग लाल पट्टीची निर्यात प्लेट घ्यावी लागते, तिच्यासाठी वेगळा विमा, वेगळी फी. पिवळ्या पट्टीची पाच दिवसांची तात्पुरती प्लेटही मिळते, पण ती जर्मनीपुरतीच समजा, तिच्यावर सीमा ओलांडू नका. तुमची स्वतःची, चालू नोंदणीची गाडी असेल तर आहे त्याच जर्मन प्लेटवर आणि जर्मन विम्यावर ती आणणं सगळ्यात सोपं.

सीमा ओलांडल्यावर घड्याळ सुरू होतं

नेदरलँड्समध्ये चार महिन्यांहून जास्त राहणार असाल तर आल्यापासून पाच दिवसांत खेमेन्टे, म्हणजे महापालिकेत नाव नोंदवायचं असतं. तिथून बीएसएन, म्हणजे इथला सरकारी ओळख क्रमांक मिळतो आणि त्यावर डिजीडी, म्हणजे सरकारी संकेतस्थळांचं लॉगिन काढता येतं. गाडीच्या पुढच्या प्रत्येक पायरीला हे दोन्ही लागतात, म्हणून आधी हे.

तुम्ही इथले रहिवासी झालात की परदेशी प्लेटची गाडी हवी तेवढे दिवस चालवता येत नाही. ‘माझ्या मित्राने सहा महिने चालवली, कोणी विचारलं नाही’ असं सांगणारं कुणीतरी प्रत्येक मंडळात भेटतंच. त्यांचं ऐकू नका. करखातं आणि पोलीस रस्त्यावर परदेशी प्लेटा तपासतात, तुम्ही रहिवासी आहात हे त्यांना लगेच दिसतं, आणि मग कर मागच्या तारखेपासून दंडासकट वसूल होतो. नियमात थोडी सवलत आहे: बारा महिन्यांत जास्तीत जास्त दोन आठवडे परदेशी प्लेटवर करमुक्त चालवता येतं, पण त्यासाठी आधी करखात्याला ऑनलाइन कळवावं लागतं. हे दोन आठवडे जपून वापरा. घर ते तपासणी केंद्र या प्रवासाला ते लागणार आहेत, शनिवार-रविवारच्या सहलीत घालवू नका.

सुटीचा नव्हे, सुटेचा अर्ज

स्थलांतराची बीपीएम सूट आपोआप मिळत नाही, मागावी लागते, आणि डच नंबर मिळण्याआधी मागावी लागते. गाडी आधी नोंदवून कर भरला आणि मग ‘मला तर माफ होता’ म्हणालात, तर मोठा पत्रव्यवहार मागे लागतो. करखात्याच्या संकेतस्थळावर या सुटेचा वेगळा फॉर्म आहे. त्यात तुमचा जुना-नवा पत्ता, राहायला आल्याची तारीख, गाडी कधी घेतली आणि कधीपासून वापरली हे लिहायचं, आणि वर सांगितलेलं ते फोल्डर जोडायचं.

जोडपत्रं लावताना वाचणाऱ्या अधिकाऱ्याचा विचार करा. त्याला तुमची गोष्ट तारखांच्या क्रमाने दिसली पाहिजे: अमुक दिवसापासून जर्मनीत राहतो हे दाखवणारा कागद, अमुक दिवशी गाडी घेतली त्याचा करार, त्या दिवसापासूनचा विमा, जर्मनी सोडल्याची पावती, इथली घर आणि नोकरीची पत्रं. वर एका पानावर या तारखा लिहून लावा. फॉर्म डचमध्ये असला तरी जर्मन कागदांचं भाषांतर करायच्या फंदात आधीच पडू नका, मागितलं तर बघू. उत्तर टपालाने येतं. त्याला वेळ लागतो हे धरून चाला आणि ते पत्र जपा.

आरडीडब्ल्यूची तपासणी

आरडीडब्ल्यू ही नेदरलँड्सची वाहन नोंदणी संस्था. आपल्याकडे आरटीओ जे करतं त्यातलं पासिंगचं काम ही करते, पण दलाल नाही आणि रांगही नाही. सगळं अपॉइंटमेंटवर चालतं. संकेतस्थळावर किंवा फोनवर जवळच्या तपासणी केंद्राची वेळ घ्या, फी भरा. सगळ्याच केंद्रांवर लवकरची तारीख मिळत नाही, म्हणून शेजारच्या शहराचं केंद्रही बघा.

जाताना गाडी, दोन्ही मूळ जर्मन कागद, ट्यूफचा अहवाल, असेल तर सीओसी आणि स्वतःचं ओळखपत्र घ्यायचं. तिथे चेसिस नंबर कागदाशी ताडून पाहतात, किलोमीटरचा आकडा नोंदवतात, गाडीची तांत्रिक माहिती तपासतात आणि मोठं नुकसान झालेलं आहे का ते बघतात. आधीच्या रात्री स्वतः बोनेट उघडून किंवा काचेखाली डोकावून चेसिस नंबर नीट वाचता येतो का ते पाहा. गंज किंवा धुळीने तो झाकलेला असेल तर पुसून ठेवा. टोइंग हुक, वेगळी चाकं, खाली केलेलं सस्पेन्शन असे बदल जर्मन कागदावर नोंदलेले असतील तर ते सांगा, नसतील तर आधी दुरुस्त करून घ्या.

किलोमीटरच्या आकड्याला इथे फार महत्त्व आहे. आरडीडब्ल्यूकडे प्रत्येक गाडीच्या आकड्यांचा इतिहास असतो आणि तो घेणाऱ्याला पाहता येतो. तुमच्या गाडीचा हा इतिहास या तपासणीपासून सुरू होणार. म्हणून जर्मनीतली सर्व्हिस पुस्तिका आणि ट्यूफचे जुने अहवाल फेकू नका. पुढे गाडी विकताना तेच तुमच्या बाजूने बोलतात.

तपासणीत आरडीडब्ल्यू मूळ जर्मन नोंदणीपत्र ठेवून घेते. त्याआधी दोन्ही भागांचे, पुढून-मागून, स्पष्ट फोटो काढून ठेवा, कारण विमा कंपनीला आणि करखात्याला ते नंतरही लागतात. केंद्रावरून परत येताना गाडी कशी न्यायची, चालवायची की तिथून उचलून न्यावी लागेल, हे अपॉइंटमेंट घेतानाच विचारा.

बीपीएम भरायचाच असेल तर

सूट मिळत नसेल, किंवा तुम्ही इथे आल्यावर जर्मनीतून गाडी विकत आणत असाल, तर तपासणीनंतर बीपीएमचं विवरणपत्र भरायचं. इथे थोडं डोकं घालणं फायद्याचं ठरतं.

आधी गाडी नवी असती तर किती कर लागला असता ते काढतात. त्यासाठी कार्बन डायऑक्साइडचा आकडा लागतो आणि तो कोणत्या चाचणीतला आहे हे महत्त्वाचं. १ जुलै २०२० पासून नेदरलँड्सचा बीपीएम डब्ल्यूएलटीपी या नव्या चाचणीच्या आकड्यावर आहे. त्याआधी जुन्या एनईडीसी चाचणीचा आकडा धरत आणि तो बहुधा कमी असतो. गाडीच्या पहिल्या नोंदणीपासून आजपर्यंत लागू असलेल्या दरांपैकी तुम्हाला फायद्याचा दर मागण्याचा हक्क आहे. ही डच सरकारची मेहेरबानी नव्हे. बाहेरून आलेल्या जुन्या गाडीवर, देशातल्याच तशा जुन्या गाडीच्या किमतीत उरलेल्या करापेक्षा जास्त कर लावता येत नाही, हे युरोपीय संघाच्या करारातल्या कलम ११० मधून येतं. म्हणून आज जे दरपत्रक दिसेल त्यावरच आकडेमोड करून गप्प बसू नका, गाडी पहिल्यांदा रस्त्यावर आली त्या वर्षाचंही पाहा.

मग वयाप्रमाणे घट. त्याचे तीन मार्ग: सरकारी तक्ता, बाजारभावाची यादी आणि मूल्यांकन अहवाल. तक्ता सगळ्यात सोपा, महिने मोजले की टक्केवारी मिळते. पाच वर्षांच्या गाडीला त्यातून मूळ कराच्या साधारण एक-तृतीयांशापेक्षा थोडा जास्त भाग उरतो. यादीचा मार्ग थोडा कटकटीचा, पण बाजारात पटकन भाव पडणाऱ्या मॉडेलला तो स्वस्त पडतो. मूल्यांकन अहवाल फक्त नेहमीच्या वापरापलीकडचं नुकसान झालेल्या किंवा यादीत नसलेल्या गाड्यांसाठी. ‘अहवाल करून देतो, कर निम्मा होईल’ अशी जाहिरात दिसली तर सावध राहा. करखातं गाडी स्वतः तपासायला बोलावू शकतं, आणि अहवालातलं नुकसान गाडीवर दिसलं नाही तर फरक तुम्हालाच भरावा लागतो.

इलेक्ट्रिक गाड्यांना २०२४ अखेरपर्यंत बीपीएम नव्हता. २०२५ मध्ये ६६७ युरोंचा ठरावीक कर आला. त्याआधी रस्त्यावर आलेल्या इलेक्ट्रिक गाडीला वरचाच नियम लावून जुना दर मागता येतो.

मोबाइल.डीई किंवा ऑटोस्काउट२४ वर पाहून जर्मनीतून गाडी घेणाऱ्यांनी आणखी एक बघावं. गाडी पहिल्यांदा रस्त्यावर येऊन सहा महिने झालेले नसतील, किंवा ती ६,००० किलोमीटरपेक्षा जास्त चाललेली नसेल, तर युरोपच्या व्हॅट नियमांत ती ‘नवी’ ठरते आणि नेदरलँड्समध्ये २१ टक्के व्हॅट लागतो. दोन्हींपैकी एक अट लागली तरी पुरे. आठ महिन्यांची, ५,००० किलोमीटर चाललेली डेमो कार म्हणूनच दिसते तितकी स्वस्त नसते.

कर भरूनही आकारणी चुकीची वाटली तर सहा आठवड्यांच्या आत लेखी आक्षेप घेता येतो. आणि हे सगळं अंगावर घ्यायचं नसेल तर आरडीडब्ल्यूची मान्यता असलेल्या आयात कंपन्या तपासणीपासून नंबरपर्यंत सगळं करून देतात. सूट मिळत असेल तर मला त्यांची गरज वाटत नाही. मोठा बीपीएम भरायचा असेल आणि डच वाचता येत नसेल, तर त्यांची फी वसूल होते.

कार्ड, कोड आणि पिवळी प्लेट

कर भरला किंवा सूट मंजूर झाली की करखातं आरडीडब्ल्यूला हिरवा कंदील देतं आणि गाडीला डच नंबर मिळतो. घरी टपालाने केंटेकनकार्ड येतं, म्हणजे इथलं आरसी बुक, एटीएम कार्डाएवढं. मालकी बदलायला लागणारा टेनामस्टेलिंग्सकोडही पत्राने येतो. कार्ड गाडी चालवताना जवळ ठेवायचं. कोड मात्र कधीही गाडीत ठेवू नका, कारण कार्ड आणि कोड दोन्ही दुसऱ्याच्या हाती लागले तर गाडी तुमच्या नावावरून हलवता येते. घरातल्या पासपोर्टांशेजारी त्याची जागा.

कार्ड आणि ओळखपत्र घेऊन मान्यताप्राप्त प्लेटवाल्याकडे जा, पिवळ्या प्लेटा थोड्याच वेळात तयार होतात. हा नंबर गाडीचाच, ती नेदरलँड्समध्ये आहे तोवर मालक बदलला तरी तोच राहतो. जर्मनीसारखी शहराची अक्षरं किंवा स्वतःची आद्याक्षरं निवडायची सोय इथे नाही.

विमा नोंदणीच्या दिवसापासून हवा, प्लेट लावल्याच्या दिवसापासून नव्हे. गाडी नुसती दारात उभी असली तरी तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे, आणि नोंदणी व विम्याच्या याद्या संगणकावर एकमेकींशी ताडल्या जातात, त्यामुळे विमा नसलेल्या गाडीला दंडाचं पत्र आपोआप येतं. म्हणून डच विमा कंपनीशी नंबर यायच्या आधीच बोलून ठेवा. ते ‘मेल्डकोड’ विचारतील. घाबरू नका, चेसिस नंबरचे शेवटचे चार आकडे म्हणजेच मेल्डकोड. साध्या तृतीय पक्ष विम्याला इथे डब्ल्यूए म्हणतात, त्यावर चोरी, काच, आग यांची भर घातली की बेपेर्क्त कास्को, आणि सगळं झाकणारा ऑलरिस्क. सात-आठ वर्षांपेक्षा जुन्या गाडीला ऑलरिस्कचा हप्ता बहुधा परवडत नाही.

जर्मनीकडचे हिशोब मिटवा

डच नोंदणी झाली की ती माहिती फ्लेन्सबुर्गच्या जर्मन वाहन कार्यालयाकडे जाते आणि जर्मन नोंदणी संपते. पण ही माहिती पोचायला वेळ लागू शकतो आणि तोवर तुमच्या जर्मन खात्यातून विमा आणि कर दोन्ही जात राहतात. म्हणून कार्ड हाती आलं की त्याच दिवशी त्याचा फोटो जर्मन विमा कंपनीला पाठवा आणि डच नोंदणीच्या तारखेपासून पॉलिसी बंद करायला सांगा. जर्मनीचा वाहनकर सीमाशुल्क खातं गोळा करतं. उरलेल्या महिन्यांचा कर परत मिळतो, पण तो जमा व्हायला जर्मन बँक खातं चालू हवं, नाहीतर नवा आयबॅन कळवावा लागतो. घर सोडताना लोक सगळ्यात आधी बँक खातं बंद करतात. ते शेवटी करा. जुन्या जर्मन प्लेटा या सगळ्याची पत्रं येईपर्यंत कपाटात राहू द्या.

पहिल्या वर्षात लक्ष ठेवण्याच्या गोष्टी

वाहनकराचं पत्र आपोआप घरी येतं, त्यासाठी वेगळा अर्ज नाही. बिल तीन महिन्यांचं असतं, बँकेतून दरमहा आपोआप जाण्याची सोय करता येते.

इथली तांत्रिक तपासणी म्हणजे एपीके. पेट्रोल आणि इलेक्ट्रिक गाड्यांना ती पहिल्या नोंदणीपासून चार वर्षांनी, मग दोनदा दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी. डिझेलला तीन वर्षांनी आणि मग दरवर्षी. जर्मनीतल्या दोन वर्षांच्या सवयीने पुढची तारीख गृहीत धरू नका, आरडीडब्ल्यूच्या संकेतस्थळावर नंबर टाकून पाहा.

जर्मन वाहन परवाना इथे चालतो. भारतीय परवाना असलेल्यांना एक वेगळी वाट आहे: घरात कुणाला परदेशी तज्ज्ञांसाठीची ३० टक्के कर सवलत मिळत असेल, तर परीक्षा न देता भारतीय परवाना डच परवान्यात बदलता येतो, आणि हा लाभ त्यांच्या कुटुंबालाही आहे. जर्मनीत परीक्षा द्यायची राहिलेल्या जोडीदारासाठी ही मोठी सोय आहे, म्हणून सवलतीचं पत्र आलं की खेमेन्टेत लगेच चौकशी करा.

सूट घेऊन आणलेल्या गाडीची बारा महिन्यांची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. त्याआधी भारतातून आलेल्या भावाला महिनाभर वापरायला देणं, ॲपवरून भाड्याने लावणं, नवी गाडी घेताना ही एक्स्चेंजला टाकणं, यातल्या कशानेही माफ झालेला कर मागे लागू शकतो. अगदीच विकावी लागली तर आधी करखात्याला लिहून विचारा.

आणि घराबाहेर परवान्याचं पार्किंग असेल तर तो परवाना नंबरवर दिलेला असतो, म्हणून नवी प्लेट लावाल त्याच दिवशी खेमेन्टेच्या संकेतस्थळावर आणि फोनमधल्या पार्किंग ॲपमध्ये नंबर बदला. तपासणीची गाडी कॅमेऱ्याने प्लेटा वाचत जाते, तिला जुना नंबर कळत नाही.